चोवीसचा खटका

सारी-बुलाक गावात बुरुलला तिच्या नावाने हाक मारणारी माणसं फार थोडी उरली होती. सासरची मोठी माणसं 'धाकटी सून' म्हणायची, पोरं 'आपा', म्हणजे आई, म्हणायची आणि बाकीचा गाव गेली काही वर्षं तिला 'चोवीस-एजे' म्हणत होता. एजे म्हणजे ताई. ते मानाचंच होतं. पण त्याच्या आधी जोडलेला आकडा तिच्या डोक्यात जायचा. दुकानात पीठ घ्यायला गेली तरी कुणीतरी विचारायचं, "काय चोवीस-एजे, आज सकाळी वर की खाली?" आणि बाकीचे हसायचे.

हा आकडा आला ट्रकमुळे. कोलखोज, म्हणजे सरकारी सामुदायिक शेती, मोडला तेव्हा वाटणीत कुणाला गाई मिळाल्या, कुणाला मेंढ्या, कुणाला नुसतंच भिंत पडलेलं कोठार. तिच्या नवऱ्याला, एसेनकुलला, जुना पेट्रोलचा ट्रक मिळाला. तो पेट्रोल असं प्यायचा की किझार्त खिंड चढून कारा-केचेच्या खाणीवरून कोळसा आणायचा, तर अर्धा फायदा वाटेतच जळून जायचा. एसेनकुल डोक्याने तल्लख आणि स्वभावाने हट्टी. त्याने एका मोडक्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन काढलं आणि या ट्रकमध्ये बसवलं. गाव आधी हसला, मग बघायला आला.

इंजिन बसलं, पण एक अडचण राहिली. ट्रकचे दिवे, हॉर्न, वायपर, डायनामो, सगळं बारा व्होल्टवर चालणारं, आणि ट्रॅक्टरच्या स्टार्टरला हवे होते चोवीस. बारा दिले तर तो नुसता कण्हायचा. म्हणून एसेनकुलने दोन बॅटऱ्या ठेवल्या. त्या एकमेकींच्या शेजारी जोडल्या की बारा, एकीच्या शेपटीला दुसरी जोडली की चोवीस. इंजिन सुरू करताना चोवीस, सुरू झालं की लगेच परत बारा. ही अदलाबदल करायला त्याने एक खटका बनवला. तांब्याच्या तीन पाती एका दांड्याला जोडलेल्या. दांडा वर उचलला की चोवीस, खाली पाडला की बारा. सोपं काम होतं. फक्त जाड केबल त्याच्याजवळ हातभरच होती, त्यामुळे खटका बॅटऱ्यांच्या पेटीतच बसवावा लागला, आणि पेटी होती बाहेर, केबिनच्या मागे, चाकाच्या वर.

म्हणजे एकाने आत बसून चावी फिरवायची आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून खटका टाकायचा. दुसरं माणूस कोण, यावर घरात कधी चर्चा झालीच नाही.

हिवाळ्यात त्या भागात सकाळी थुंकी जमिनीवर पडायच्या आत कडक होते. एसेनकुल आधी इंजिनाखाली भडक्याचा दिवा लावून तेल पातळ करायचा. बुरुल पेटीचं झाकण उघडून उभी राहायची. डोक्याला दोन रुमाल, पायात नवऱ्याचे जुने बूट.

"वर," आतून आवाज यायचा.

"वर केला."

स्टार्टर घरघरायचा, ट्रक अंग झटकायचा, काळ्या धुराचा लोट बरोबर तिच्या तोंडावर यायचा.

"खाली. खाली कर, झोपलीस का?"

"केला कधीचाच."

खटका टाकायची एक लकब होती. कचरत, हळू उचलला तर तिन्ही पाती एकदम लागायच्या नाहीत. एक आधी, एक मागून, आणि मधे निळी ठिणगी. एका दमात, मनगट न हलवता टाकावा लागे. खाली पाडायला विसरलं तर तेवढ्यात काही बिघडत नसे, पण दुसरी बॅटरी दिवसभर उपाशी राहायची, डायनामोचा घास तिच्यापर्यंत पोचायचाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक मेलेला. बुरुल विसरत नसे. लग्नाआधी ती कोलखोजच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायची. कुणाची तार कुणाला जोडायची आणि बोलणं संपलं की लगेच काढायची, याची हाताला सवय होती. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. तिथे ती खुर्चीवर, शेगडीजवळ बसायची. लोक तिला 'ताई, जरा नारिन शहराला फोन जोडून द्या ना' असं अदबीनं म्हणायचे.

एकदा तिने विचारलं होतं, "मला ट्रक चालवायला शिकव. तू खटका बघ, मी चावी फिरवते."

"आधी खटका नीट सांभाळ," एसेनकुल म्हणाला होता.

"खटका मी चुकवलाय कधी?"

"म्हणून तर म्हणतो. तुझ्यासारखा खटका कुणाला जमत नाही."

ही स्तुती होती असं त्याला खरंच वाटत होतं.

दुसरं एक दुखणं बॅटऱ्यांचं. दोन्ही एकदम नव्या घ्यायचं एसेनकुलच्या जिवावर यायचं. दर शरदात तो जी जास्त खंगलेली असेल ती बदलायचा. त्यामुळे पेटीत कायम एक नवी आणि एक जुनी. नवी जुनीला पाजत बसायची आणि दोघीही अर्धपोटी राहायच्या. हे कोचकोरच्या बाजारात प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. एसेनकुललाही होतं.

तो प्रसंग घडला फेब्रुवारीत, खाणीवर. ट्रकांची लांब रांग लागली होती. परतीच्या वाटेवर एसेनकुलच्या बहिणीच्या घरी नातवाला पाळण्यात घालायचा कार्यक्रम होता, म्हणून बुरुल जरा चांगले कपडे घालून निघाली होती. हातात आईचं चांदीचं रुंद कडं होतं. रांगेत इंजिन बंद करून ते थांबले आणि नंबर आला तेव्हा सुरू होईना.

"पहिल्या बॅटरीचा क्लॅम्प ढिला असेल," एसेनकुल आतून ओरडला. "जरा हलव."

तिने हातमोजा काढला, कारण मोज्यात क्लॅम्प पकडता येत नसे. बाही वर सरकवली आणि हात घातला. कडं बॅटरीच्या टोकाला लागलं आणि त्याच वेळी पेटीच्या लोखंडी कडेला.

निळा लखलखाट झाला. हात मागे खेचायचा म्हटलं तर कडं टोकाला चिकटलेलं. ते सुटलं तेव्हा लाल झालं होतं आणि मनगटातून निघत नव्हतं. तिने हात कोपरापर्यंत बर्फात खुपसला. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर धावत आला आणि त्याने पक्कडीने कडं वाकवून काढलं. एका जागी चांदी वितळून पार बारीक झाली होती. मनगटावर पांढरा पट्टा उठला आणि तिच्या डोळ्यांदेखत लाल होत गेला.

एसेनकुल खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. घाबरला होता, हे कुणालाही दिसलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं, "बॅटरीला हात लावताना कडं काढून ठेवायचं असतं. एवढं कळत नाही?"

बुरुलने त्याच्याकडे बघितलं. "मला बॅटरीला हात लावायचाच नव्हता," ती म्हणाली.

नणंदेच्या घरी बायकांनी मनगटाला मेंढीच्या शेपटीची चरबी लावली, फडकं बांधलं. कसं झालं असं विचारल्यावर बुरुलने चहा सांडला म्हणून सांगितलं. का सांगितलं ते तिलाच कळेना. नवऱ्याला झाकायची ही सवय कधी लागली? तिला स्वतःचाच राग आला आणि तो राग तिने पानातल्या मांसावर काढला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी एसेनकुलने भडक्याचा दिवा लावला, केबिनमध्ये बसला आणि हाक मारली, "वर."

बुरुल घरात होती. दुधाचा चहा उकळत होती.

"अगं, वर."

ती दारात आली. "वर देव आहे. त्याला सांग."

तिने बाहेर पाऊल ठेवलं नाही. एसेनकुलने आधी दोरी बांधून पाहिली. दांड्याला दोरी, दोरी खिडकीतून आत. वर ओढता आला, खाली पाडता येईना. खाली पाडायला दुसरी दोरी बांधली, ती चाकात अडकली. मग त्याने शेजारच्या सोलतोबायला बोलावलं. सोलतोबाय चांगला माणूस, पण प्रत्येक गोष्ट विचार करून करणारा. त्याने खटका विचार करत करत उचलला. एक पात लागली, दुसरी लागली नाही, चर्र आवाज आला आणि तांब्याचा एक थेंब बर्फात पडून फुसकन विझला.

"हे असंच होतं का?" सोलतोबायने विचारलं.

"नाही," एसेनकुल म्हणाला.

ट्रक अंगणात उभा राहिला. कोळशाची वाट बघणारे लोक फाटकाशी येऊन विचारू लागले. एसेनकुल वितळलेली पात कानशीने घासत बसायचा आणि बायकोकडे न बघता म्हणायचा, "एवढ्याशा गोष्टीवरून माणूस रुसून बसलं की काय करायचं?" बुरुल मनगटावरचं फडकं बदलायची आणि उत्तर द्यायची नाही. खरं तर तिला बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. पण कुठून सुरुवात करायची हेच सुचत नव्हतं. सुरुवात केली असती तर ती टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत मागे गेली असती.

शेवटी एक दिवस ती स्वतःच कोचकोरला गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत इसमार नावाचा दुंगान जमातीचा मेकॅनिक बसायचा. गाड्यांच्या वायरिंगचं काम त्या भागात त्याच्याइतकं कुणी करत नव्हतं. बोलायला मोठा गमत्या.

"एजे, नवरा कुठाय? आजारी का?"

"नाही. तोऱ्यात आहे."

"मग त्याला वेळ लागेल बरा व्हायला," इसमार म्हणाला आणि त्याने स्टूल पुढे सरकवलं.

तिने सगळं सांगितलं. खटका, पेटी, मनगट. इसमार ऐकत होता, ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं. तो आत गेला आणि मुठीएवढी एक लोखंडी डबी घेऊन आला. जुन्या ट्रॅक्टरवरची होती. आत चुंबक. चावी फिरवली की चुंबक ओढून आपोआप चोवीस करणार, चावी सोडली की आपोआप बारा. बाहेर उभं राहायला कुणी नको.

बुरुल त्या डबीकडे बघत राहिली. "ही अशी डबी असते?"

"असते की. पूर्वी ट्रॅक्टरसोबतच यायची."

"म्हणजे इतकी वर्षं..." ती म्हणाली.

इसमारने तिला कुठल्या बोल्टला कुठली तार ते दाखवलं. तिने म्हणून दाखवलं. त्याने परत विचारलं, तिने परत सांगितलं. निघताना तो म्हणाला, "एक मात्र आहे, एजे. दोन्ही बॅटऱ्या एका वयाच्या लागतील. एक तरणी आणि एक म्हातारी, असं हिला सोसायचं नाही."

"ते मी त्याला सांगून दमले."

"मग आणखी दमा. दुसरा उपाय नाही."

बदल्यात इसमारच्या बायकोला तिने आपल्या हातची, लोकर दाबून केलेल्या नमद्याची सतरंजी द्यायची कबूल केली आणि डबी रुमालात बांधून, मांडीवर घेऊन ती घरी आली.

एसेनकुलने डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. त्याला काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही, पण तो जेवण अर्धं टाकून उठला. स्वतःच्या हाताने बनवलेली वस्तू बायकोने बाजारातून आणलेल्या डबीसाठी काढायची, हे सोपं नसतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने खटका उतरवला.

"सांग, कुठली तार कुठे," तो म्हणाला.

"मोठी लाल मधल्या बोल्टला. दिव्यांची वरच्या."

"वरच्या? नक्की?"

"मी दोनदा म्हणून दाखवलंय त्याला."

"नाही, मी आपलं विचारलं."

"वरच्या," बुरुल ठामपणे म्हणाली.

त्याने तसंच जोडलं. दिवे लावून ठेवले, बघायला म्हणून, आणि चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आणि त्याच झटक्यात पुढचे दोन्ही दिवे एकदा सूर्यासारखे पेटले आणि गेले. मागचे गेले. केबिनमधला गेला. गाण्यांच्या टेपमधून धुराची एक बारीक रेघ निघाली. दिव्यांना चोवीस पोचले होते.

एसेनकुल खाली उतरला, गेलेल्या दिव्यांकडे बघितलं आणि हसायला लागला. हसत हसत बर्फात खाली बसला. "वरच्या," तो म्हणत होता. "दोनदा म्हणून दाखवलंय."

बुरुलला वाटलं, हातातला पाना त्याच्या डोक्यात घालावा. तिने तो कुंपणापलीकडे फेकला आणि घरात जाऊन रडली. दुखऱ्या मनगटासाठी नाही, कड्यासाठीही नाही. पहिल्यांदा ती बरोबर ठरणार होती आणि नेमकी तेव्हाच चुकली, म्हणून. मधल्या बोल्टला दिव्यांची आणि वरच्याला लाल, हे तिला आता लख्ख आठवत होतं.

पाना बर्फातून शोधून काढून एसेनकुलने तारा बदलल्या, नवे बल्ब घातले. त्यानंतर त्याने बॅटरीविषयी किंवा बल्बविषयी एक शब्द काढला नाही. त्याला हसायचं तेवढं हसून झालं होतं.

मग काही दिवस सुखाचे गेले. एसेनकुल चावी फिरवायचा, मागे 'टक' असा आवाज व्हायचा आणि इंजिन सुरू. बुरुल केबिनमध्ये त्याच्या शेजारी गुडघ्यांवर मेंढीच्या कातड्याचं पोस्तीन घेऊन बसायची. इंजिन सुरू होतानाची सकाळ तिने आतून, काचेतून पहिल्यांदाच पाहिली. "बरं वाटतंय ना?" एसेनकुलने एकदा विचारलं. "बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मग किझार्तवर बर्फ घसरून रस्ता बंद झाला. गाड्या अडकल्या, डिझेल वाचवायला सगळ्यांनी इंजिनं बंद केली. रस्ता मोकळा झाला तेव्हा एसेनकुलने चावी फिरवली. टक. काही नाही. परत फिरवली. टक-टक-टक-टक, सुतार पक्ष्यासारखं. म्हातारी बॅटरी बसली होती. ताण आला की ती मान टाकायची, चुंबक सुटायचा, सुटला की परत ओढायचा.

"आता हाताने काही करता येईल का?" बुरुलने विचारलं.

"हाताने करायची वस्तू घरी पडलीय."

दुसऱ्या ट्रकने त्यांना ओढत खिंड उतरवली. सगळ्या वाटेत एसेनकुलच्या चेहऱ्यावर एक शांत, प्रसन्न भाव होता आणि बुरुलला तो सहन होत नव्हता. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "शेवटी माझाच खटका बरा."

"तुझा खटका बरा नव्हता," बुरुल म्हणाली. "मी बरी होते."

 त्या रात्री त्याने डबी उतरवून कपाटावर ठेवली आणि खटका परत बसवायला घेतला तेव्हा बुरुल पेटीसमोर येऊन उभी राहिली.

"इथे नाही बसवायचा. आत बसवायचा. सीटच्या मागे."

"केबल पुरत नाही. पुरवली तर बारीक लागेल, आणि बारीक केबलमध्ये सगळा जोर वाटेतच मरतो. किती वेळा सांगू?"

"जाड आणली तर?"

"जाड कुठून आणणार?"

तिचा भाऊ पूर्वी कोलखोजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. ती त्याच्याकडे गेली आणि वेल्डिंगची जाडजूड केबल खांद्यावर वेटोळं करून घेऊन आली. एसेनकुलने तिचं टोक सोलून पाहिलं. आत तांबं नवं होतं. त्याने ते अंगठ्याने दोनदा चोळलं.

"ही कुठे होती?"

"भावाच्या गोठ्यात. गाय बांधली होती हिने."

"या केबलने गाय बांधली?"

"मी एक दोर देऊन आले गाईसाठी."

त्याला आता काही निमित्त उरलं नाही. खटका आत आला, सीटच्या मागे, हाताला येईल असा. एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने दांडा. नीट चालला. पहिल्या दिवसापासून चालला. बुरुलला जे हवं होतं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बूट चढवत होती तोच बाहेर इंजिन सुरू झालं. ती दाराशी पोचेपर्यंत ट्रक फाटकाबाहेर गेला होता. एसेनकुलने खिडकीतून हात दाखवला. झोप म्हणत होता बहुतेक, विश्रांती घे.

अंगणात धूर रेंगाळत होता. ती बूट घालून तशीच उभी राहिली. करण्यासारखं घरात पुष्कळ होतं, गाय होती, लोकर पिंजायची होती. पण तिला एखाद्या लग्नघरी सगळे जेवायला बसल्यावर आपल्यालाच जागा राहू नये तसं वाटलं, आणि असं वाटतंय याचा भयंकर संताप आला. हेच तर मागत होते ना मी? मग आता काय हवंय?

एसेनकुल संध्याकाळी काळा होऊन यायचा, खूश असायचा, एकटाच गेल्याने त्याला वाटेत गप्पा मारायला ड्रायव्हर मिळत होते. बुरुल चहा ओतायची. खाणीवर काय झालं, रांग किती होती, कोण कोण भेटलं, हे आता तिला विचारून घ्यावं लागे. आधी ते सगळं तिने स्वतः बघितलेलं असे.

मग एकदा तो दुसऱ्या दिवशी उगवला, दुसऱ्याच ट्रकला बांधून. कारण सांगितलं नाही. 'बिघाड झाला' एवढंच. सोलतोबायकडून बुरुलला कळलं: एसेनकुल खटका खाली पाडायला विसरला होता. दिवसभर दुसरी बॅटरी उपाशी राहिली, खाणीवर ट्रक बंद केला तो परत उठलाच नाही. त्याच्या दोन हातांना आणि दोन पायांना कामं होती, पण इतक्या वर्षांत खटका लक्षात ठेवायचं काम त्याने कधी केलंच नव्हतं.

ती त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवून म्हणाली, "विसरलास ना?"

"गिअर टाकू, चढ बघू की खटका बघू?"

"मी येते उद्यापासून."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "ये की. मी नको कधी म्हटलं?"

"पण मी स्टिअरिंगवर बसणार. तू खटका बघ."

एसेनकुल हसला. मग तिचं तोंड बघून हसू आवरलं. "तुला चालवता येत नाही, म्हातारे."

"शिकव, म्हाताऱ्या."

त्याने बर्फ वितळल्यावर, बार्लीच्या रिकाम्या शेतात, शिकवायला सुरुवात केली. शिकवणं त्याला अजिबात येत नव्हतं. क्लच सोडायच्या आधी ओरडायचा, सोडल्यावर ओरडायचा, ट्रक बंद पडला की डोकं धरून बसायचा. बुरुलही उलट ओरडायची. सोलतोबाय म्हणायचा, शेतात दोन इंजिनं चाललीत असं वाटतं. पण ट्रक हळूहळू सरळ जाऊ लागला. मे महिन्यात ती रिकामा ट्रक घेऊन खाणीच्या वाटेवर गेली. तिथे लायसन्स विचारणारं कुणी नसतं. खिंड चढताना तिचे खांदे कानाला लागले होते आणि एसेनकुल पहिल्यांदाच गप्प होता.

शरदात त्याने पेटी उघडून पाहिली आणि बाजारात जाऊन नवी बॅटरी आणली. एकच.

"एकच?" बुरुल म्हणाली.

"दुसरी अजून एक हिवाळा काढेल."

तिने कपाळावर हात मारला. काही गोष्टी या माणसात बदलणार नव्हत्या आणि त्यावर रोज डोकं आपटून कपाळच सुजलं असतं.

तिला लायसन्स हवं होतं, कारण कोचकोरच्या रस्त्यावर पोलीस उभे असत. कोचकोरला परीक्षेत प्रश्नांची उत्तरं तिने बरोबर दिली. वळणं घेतली, चढावर थांबून परत निघाली. शेवटी दोन खांबांमधून गाडी मागे घ्यायची होती. उजवा खांब पडला. परीक्षा घेणारा म्हणाला, पुढच्या महिन्यात या.

एसेनकुल परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर सूर्यफुलाच्या बिया खात थांबला होता. "काय झालं?"

"मागे घेताना खांब पडला."

"आरशात बघ म्हणून सांगितलं होतं."

"तू मान वळव म्हणून सांगितलं होतंस."

"आधी मान, मग आरसा."

"आधी आरसा म्हणालास."

असे ते कोचकोर संपेपर्यंत भांडले. एसेनकुल चालवत होता. शेवटचा पोलीस मागे पडल्यावर त्याने ट्रक बाजूला घेतला, इंजिन चालू ठेवलं, खाली उतरला आणि समोरून वळसा घालून तिच्या दारापाशी आला. ती सरकून स्टिअरिंगवर बसली. घरापर्यंत तिनेच आणला. डोळ्यांत पाणी होतं, पण रस्ता सरळ होता.

अंगणात ट्रक मागे घेऊनच लावावा लागे, फाटक अरुंद होतं म्हणून. ती एकदा चुकली, परत पुढे घेतला. दुसऱ्यांदा चुकली. कुत्रं भुंकायला लागलं. सोलतोबाय कुंपणाशी येऊन उभा राहिला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "एजे, डावीकडे कापा."

"तू गप्प बस," बुरुल आणि एसेनकुल एकदमच म्हणाले.

आणखी दोन-तीन खेपांनंतर ट्रक आत गेला, जरा तिरका, मागचं चाक कांद्याच्या वाफ्यात. एसेनकुलने वाफ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं, पण बोलला नाही. बुरुलने इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली आणि चूल पेटवायला आत गेली.